कंपनी सरकारदरबारी काय मागते, हे कसं शोधायचं: छोट्या भागधारकासाठी मार्गदर्शक

मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. सुरुवातीच्या गुळगुळीत पानांवर पवनचक्क्या, सोलर पॅनेल आणि अमुक सालापर्यंत ‘नेट झिरो’, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, होण्याची ग्वाही असते. तीच कंपनी, किंवा ती ज्या उद्योग संघटनेची सभासद आहे ती संघटना, त्याच वर्षी मंत्रालयाला निवेदन देऊन ‘उत्सर्जनाचे नियम जरा पुढे ढकला’ म्हणत असेल, तर ते या पानांवर दिसत नाही. ते शोधावं लागतं, आणि शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. मी भागधारक म्हणून हा खटाटोप केलेला आहे. सुरुवातीला कुठून हात घालायचा हेच कळत नाही, म्हणून हा सगळा रस्ता क्रमाने लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सरकारला आपली बाजू सांगणं बेकायदा नाही. एखादा नियम अव्यवहार्य असेल तर कंपनीने तसं जरूर सांगावं. आपला प्रश्न कारभाराचा आहे: कंपनीच्या नावाने सरकारकडे काय बोललं जातं, ते बोलायला आत कोण परवानगी देतं, आणि कंपनी जाहीरपणे जे सांगते त्याच्याशी ते जुळतं का. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ मध्ये संचालकांच्या कर्तव्यांत भागधारक आणि कर्मचाऱ्यांच्या जोडीने पर्यावरणाचं रक्षणही लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘हा विषय सभेचा नाही’ असं कुणी म्हणालं तर हे कलम हाताशी असू द्या.

अमेरिकेत किंवा युरोपीय संघात असते तशी लॉबिंगची, म्हणजे सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्याच्या प्रयत्नांची, सरकारी नोंदवही भारतात नाही. २०१२ साली वॉलमार्टच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला, तोही अमेरिकेतल्या कायद्यानुसार कंपनीने तिथे भरलेल्या विवरणपत्रांत भारताचा उल्लेख सापडला म्हणून. आपल्याकडची कागदपत्रं काही बोलली नव्हती. पुढे २०१३ मध्ये लोकसभेत लॉबिंग उघड करण्याविषयी खासगी विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे एका ठिकाणी सगळं मिळेल ही आशा सोडा. तुकडे गोळा करून जोडायचे आहेत.

काय काय लागेल

– डीमॅट खातं आणि त्या कंपनीचा किमान एक शेअर. एका शेअरचा मालकही पूर्ण भागधारकच असतो.
– डीमॅटला जोडलेला, चालू असलेला ईमेल आणि मोबाइल नंबर. सभेची सूचना आणि ओटीपी तिथेच येतात.
– पॅन, आणि डीमॅट खात्याचा डीपी आयडी व क्लायंट आयडी.
– कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.
– माहिती अधिकाराच्या केंद्रीय ऑनलाइन पोर्टलवर खातं आणि अर्जाचे दहा रुपये.
– एक साधी एक्सेल शीट. तारीख, कोण बोललं, कुणाला बोललं, काय मागितलं, कागद कुठे आहे, असे पाच रकाने पुरतात.

१. आधी एकच धोरण निवडा

‘कंपनी पर्यावरणाच्या बाबतीत काय करते’ असा मोघम प्रश्न घेऊन गेलात तर मोघम उत्तर मिळेल, शिवाय झाडं लावल्याचे फोटो मिळतील. म्हणून कंपनी निवडल्यावर तिच्या धंद्याला सगळ्यात जास्त लागणारा एकच नियम निवडा. मोटारी बनवणारी असेल तर इंधन कार्यक्षमतेचे ‘कॅफे’ निकष. वीज कंपनी असेल तर नवीकरणीय ऊर्जा खरेदीचं बंधन. सिमेंट किंवा ॲल्युमिनियमवाली असेल तर कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना (कारखान्याला उत्सर्जनाचं उद्दिष्ट मिळतं; त्याच्या पुढे गेला तर क्रेडिट विकायची, कमी पडला तर विकत घ्यायची). साखर कारखाना असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल.

नवख्याने कार्बन योजनेपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन, कारण तिचा कागदोपत्री माग फार चांगला लागतो. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली, आणि सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली, कागद या उद्योगांसाठी उत्सर्जन तीव्रतेच्या (उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणाऱ्या उत्सर्जनाच्या) उद्दिष्टांचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये आला. अंतिम नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाले. यात गंमत अशी की परिशिष्टात कारखान्यांची नावंच आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचं उद्दिष्ट लिहिलं आहे. मसुद्यातला तक्ता आणि अंतिम तक्ता शेजारी शेजारी ठेवा आणि आपल्या कंपनीचा कारखाना शोधा. आकडा बदलला असेल तर तो का बदलला हा प्रश्न तिथेच तयार झाला. बदलला नसेल तर तेही शीटमध्ये लिहा.

साखरेबद्दल एक सूचना. इथेनॉलच्या दरावरून आणि उसाच्या रसाच्या वापरावरून महाराष्ट्रात जेवढी रदबदली होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या हवामान धोरणावरून होत असेल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले तेव्हा शिष्टमंडळांच्या दिल्लीवाऱ्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्याच. पण सहकारी कारखाने शेअर बाजारात नोंदलेले नसल्यामुळे पुढच्या बऱ्याच पायऱ्या त्यांना लागू पडत नाहीत. तिथे तुम्ही सभासद असाल तर सहकार कायद्याचा रस्ता वेगळा.

२. बीआरएसआरमधलं सातवं तत्त्व वाचा

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ‘बीआरएसआर’ नावाचा जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. तो वार्षिक अहवालातच असतो, बहुधा मागच्या बाजूला, बारीक टाइपात. त्यात नऊ तत्त्वं आहेत. सातवं तत्त्व असं की सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना कंपनीने जबाबदारीने आणि पारदर्शकपणे वागावं. बाकीचं सध्या बाजूला ठेवा आणि तीन जागा पाहा.

पहिली जागा: विभाग ‘ब’. इथे नऊ तत्त्वांसाठी नऊ रकाने असतात. प्रत्येक तत्त्वासाठी धोरण आहे का, ते संचालक मंडळाने मंजूर केलं आहे का, त्याची लिंक काय, असं विचारलेलं असतं. सातव्या रकान्यात ‘हो, हो’ आणि पुढे लिंक दिसेल. ती लिंक उघडाच. बऱ्याचदा ती कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण आचारसंहितेवर नेते, आणि तिथे सरकारशी संबंधांबद्दल ‘आम्ही कायद्याचं पालन करू’ एवढंच एखादं वाक्य सापडतं. ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या, सभेत कामाला येतं.

दुसरी जागा: विभाग ‘क’, सातवं तत्त्व, सक्तीचे मुद्दे. इथे कंपनी किती व्यापारी आणि औद्योगिक संघटनांची सभासद आहे तो आकडा असतो आणि खाली दहा संघटनांची यादी असते. सगळ्यात मोठी मेख इथे आहे. ही दहा नावं निवडायची ती त्या संघटनेच्या एकूण सभासदसंख्येनुसार, असं सेबीच्या नमुन्यातच लिहिलं आहे. साहजिकच हजारो सभासद असलेले सीआयआय, फिक्की, असोचॅम, बॉम्बे चेंबर असे सर्वसाधारण चेंबर वर येतात. तुमच्या कंपनीच्या धंद्यापुरती असलेली, मोजक्या सभासदांची संघटना खाली घसरते किंवा यादीतच येत नाही. उत्सर्जनाच्या निकषावर मंत्रालयात ठाण मांडून बसते ती नेमकी हीच छोटी संघटना. आकडा २३ असेल आणि नावं दहाच असतील तर उरलेली १३ कोणती, हा तुमचा पहिला प्रश्न. त्यात नियमभंग काहीच नाही. कंपनीने नमुना बरोबर भरलेला आहे, नमुनाच तसा आहे.

तिसरी जागा: त्याच तत्त्वाखालचे ऐच्छिक मुद्दे. इथे एक फार छान तक्ता आहे. कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, कोणत्या मार्गाने केला, ती माहिती लोकांसाठी खुली आहे का, संचालक मंडळ त्याचा आढावा किती वेळा घेतं, आणि लिंक. आपल्याला हवं ते सगळं या एका ओळीत मावलं असतं. ऐच्छिक असल्यामुळे काही कंपन्या तो गाळतात, काही ‘लागू नाही’ लिहितात, तर काही ‘शाश्वत विकास, डिजिटल भारत, कौशल्य विकास’ अशी कुणालाच न खुपणारी यादी देतात. ‘मंडळाचा आढावा’ या रकान्यात काय आहे ते मात्र न चुकता पाहा. ‘वार्षिक’ असं लिहिलं असेल तर कंपनीने स्वतःहून मान्य केलं की हा विषय वर्षातून एकदा मंडळापुढे येतो. मग कधी आला आणि काय ठरलं, हे विचारायची वाट मोकळी झाली.

या पायरीवर एक सावधगिरी. ‘आमच्या अहवालाची बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी झाली आहे’ असं कंपनी सांगेल. पण पडताळणी असते ती प्रामुख्याने ‘बीआरएसआर कोअर’ या सेबीने २०२३ मध्ये आणलेल्या मोजक्या मुद्द्यांच्या भागाची, आणि त्यात हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा वगैरे नऊ बाबी आहेत. धोरणावरचा प्रभाव त्यांत नाही. म्हणून पडताळणीच्या दाखल्यात सातवं तत्त्व आलं आहे की नाही ते स्वतः वाचून घ्या.

३. संघटनेचा माग काढा

संघटनेचं नाव मिळालं की तिच्या संकेतस्थळावर जा. तिथे अर्थसंकल्पपूर्व निवेदनं, प्रसिद्धिपत्रकं आणि वार्षिक अहवाल असतात. अर्थसंकल्पपूर्व निवेदन हा प्रकार मला विशेष आवडतो, कारण त्यात आडपडदा कमी असतो. कोळशावरचा कर कमी करा, अमक्या यंत्रावरची कस्टम ड्यूटी काढा, अमका निकष दोन वर्षं लांबवा, असं रोखठोक लिहिलेलं असतं.

त्यानंतर पदाधिकाऱ्यांची यादी पाहा. तुमच्या कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक संघटनेचा अध्यक्ष असेल, किंवा पर्यावरण समितीचा प्रमुख असेल, तर ‘संघटनेचं मत वेगळं, आमचं वेगळं’ ही सबब टिकत नाही. मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने मला सहज सांगितलं होतं की निवेदनाचा पहिला मसुदा बहुतेक वेळा एखाद्या सभासद कंपनीतच टाइप होतो, संघटना त्यावर लेटरहेड चढवते. हे प्रत्येक ठिकाणी खरं असेल असं मी म्हणत नाही, पण कंपनीला विचारण्यासारखं नक्कीच आहे.

संघटनेत एकमत असतंच असंही नाही. २०२५ मध्ये ‘कॅफे’च्या पुढच्या टप्प्यात लहान गाड्यांना सवलत द्यावी की नाही यावरून वाहन कंपन्यांचीच उघड दुफळी झाली. अशा वेळी आपली कंपनी कुठल्या बाजूला होती, हे तिला अगदी सोप्या शब्दांत सांगता येतं, आणि म्हणून विचारावं.

४. कंपनी स्वतःच्या तोंडाने कुठे बोलते ते वाचा

दोन खाणी आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिली, विश्लेषकांबरोबरच्या तिमाही बैठकींचे शब्दांकन. निकालानंतर कंपन्या गुंतवणूक विश्लेषकांशी फोनवर बोलतात आणि त्या संवादाचं लेखी रूप शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकणं त्यांना बंधनकारक आहे. विश्लेषकाला पर्यावरणाशी देणंघेणं नसतं, त्याला नफ्याची काळजी असते. ‘नवा नियम आला तर मार्जिनवर काय परिणाम?’ असं तो विचारतो, आणि मुख्य वित्तीय अधिकारी त्याला धीर देण्यासाठी सांगून टाकतो की आम्ही सरकारशी बोलतो आहोत, मुदतवाढीची अपेक्षा आहे. शाश्वततेच्या अहवालात शंभर पानांत न सापडलेली गोष्ट इथे दोन ओळींत सापडते. पीडीएफमध्ये इंग्रजीतले ‘गव्हर्नमेंट’, ‘मिनिस्ट्री’, ‘रिप्रेझेंटेशन’, ‘असोसिएशन’ हे शब्द शोधा. तीन वर्षांची बारा शब्दांकनं एका दुपारी पालथी घालता येतात.

दुसरी खाण, वीज नियामक आयोग. वीज क्षेत्राशी किंवा भरपूर वीज खाणाऱ्या उद्योगाशी तुमच्या कंपनीचा संबंध असेल तर ही पायरी सोडू नका. मुंबईतला महाराष्ट्र वीज नियामक आयोग किंवा दिल्लीतला केंद्रीय आयोग नवे विनियम करताना मसुद्यावर हरकती मागवतो आणि अंतिम विनियमांबरोबर कारणमीमांसा प्रसिद्ध करतो. कुणी काय सुचवलं आणि आयोगाने ते का मानलं किंवा का फेटाळलं, हे त्यात मुद्देसूद असतं. छतावरच्या सौरऊर्जेला पाठिंबा असल्याची जाहिरात करणारी वितरण कंपनी नेट मीटरिंगच्या (छतावरची जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वजावट घेण्याच्या) मसुद्यावर काय म्हणाली, हे तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कंपनीचा कारखाना युरोपात किंवा अमेरिकेत असेल तर तिथली लॉबिंग नोंदवहीही पाहा. युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या विषयांवर भेटीगाठी झाल्या आणि वर्षाला साधारण किती खर्च झाला ते दिसतं. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर सीमेवर कार्बन शुल्क लावायची युरोपची योजना आली तेव्हापासून भारतीय कंपन्यांना तिथे बोलण्यासारखं बरंच आहे. मायदेशी न मिळणारी माहिती परदेशी मिळते, हे आपलं नशीब म्हणायचं.

५. माहिती अधिकार: उशिरा पण नेमका

खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण तिने मंत्रालयाला पाठवलेलं पत्र मंत्रालयाच्या फायलीत आहे आणि मंत्रालयाला तो लागू आहे. सरकारी कंपन्यांना तर थेटच लागू आहे.

अर्जात काय मागायचं: अमुक तारखेच्या मसुदा अधिसूचनेवर उद्योग संघटना आणि कंपन्यांकडून आलेल्या हरकती-सूचनांची यादी, त्यांच्या प्रती, त्या विषयावर झालेल्या बैठकींच्या तारखा, उपस्थितांची नावं आणि इतिवृत्त. बस. ‘सरकारने सवलत का दिली’ असं विचारू नका. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ सालीच सांगितलं आहे. कागद मागा, ‘का’चं उत्तर कागदात असतंच.

वेळ साधणं महत्त्वाचं. विषय मंत्रिमंडळापुढे प्रलंबित असताना अर्ज केलात तर कलम ८ दाखवून परत पाठवतील. अंतिम अधिसूचना निघाल्यावर अर्ज करा. दुसरा अडथळा ‘त्रयस्थ पक्षा’चा. कंपनीने माहिती गोपनीय म्हणून दिली असेल तर अधिकारी कलम ११ खाली कंपनीला नोटीस काढतो, तिला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात आणि उत्तराची मुदत ३० ऐवजी ४० दिवसांवर जाते. कंपनीने नको म्हटलं म्हणजे विषय संपला असं नाही, निर्णय अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. धोरणावर दिलेलं मत हे व्यापारी गुपित कसं होतं, हा मुद्दा अपिलात मांडण्याजोगा आहे.

केंद्राकडचा अर्ज साधारण ५०० शब्दांपर्यंत चालतो. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयात मात्र १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय, ही मर्यादा लक्षात ठेवा. याच एका कारणाने अर्ज परत आलेले पुष्कळ जण आहेत.

६. मोजायला एक पट्टी घ्या

आता हाती बरंच काही आलं आहे. त्याचं काय करायचं? ‘वाईट कंपनी’ असा शिक्का मारायची घाई नको. जगभरच्या मोठ्या गुंतवणूकदारांनी यासाठी एक पट्टी बनवली आहे. स्वीडनचा एपी-७ पेन्शन फंड, बीएनपी परिबा ॲसेट मॅनेजमेंट आणि चर्च ऑफ इंग्लंड पेन्शन्स बोर्ड यांनी मार्च २०२२ मध्ये जबाबदार हवामान लॉबिंगचा जागतिक मानदंड जाहीर केला. त्यात १४ मुद्दे आहेत. आपल्या कामाचे मला चार वाटतात: पॅरिस कराराच्या उद्दिष्टाशी सुसंगतच लॉबिंग करू असं लेखी वचन, त्यावर देखरेख ठेवणारी संचालक मंडळाची नेमकी समिती, सभासद असलेल्या प्रत्येक संघटनेच्या भूमिकेचा दरवर्षी जाहीर आढावा, आणि भूमिका जुळत नसेल तर काय करायचं याची ठरलेली पद्धत, अगदी सभासदत्व सोडण्यापर्यंत.

हे सगळं कागदी वाटलं तर घडलेलं पाहा. बीएचपी या खाण कंपनीने २०१७ मध्ये आपल्या संघटनांचा आढावा प्रसिद्ध केला आणि पुढच्या वर्षी जागतिक कोळसा संघटनेतून बाहेर पडली. शेलने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तेलशुद्धीकरण उद्योगाची संघटना सोडली. भागधारकांच्या ठरावाला २०२० मध्ये शेव्हरॉनच्या सभेत सुमारे ५३ टक्के आणि २०२१ मध्ये एक्सॉनमोबिलच्या सभेत जवळपास ६४ टक्के मतं पडली. दोन्ही ठराव हवामान लॉबिंगचा अहवाल द्या एवढंच मागणारे होते.

मात्र ही उदाहरणं वाचून ‘आपणही ठराव मांडू’ असं ठरवू नका. अमेरिकेत ठराव मांडायला काही हजार डॉलरचे शेअर पुरतात. आपल्या कायद्यात भागधारकांना ठराव पाठवायचा तर एक दशांश मताधिकार लागतो. मोठ्या कंपनीत ते तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. आपलं हत्यार प्रश्न.

७. वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारा

आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सभा घ्यावी लागते, म्हणून जुलै ते सप्टेंबर हा हंगाम. सूचना किमान २१ दिवस आधी येते. तिच्या मागच्या टिपांमध्ये ‘स्पीकर’ म्हणून नाव नोंदवायची तारीख आणि ईमेल पत्ता असतो. ही खिडकी मोजक्या दिवसांची असते आणि बंद झाली की पुन्हा उघडत नाही. नोंदणीचा ईमेल डीमॅटला जोडलेल्या पत्त्यावरूनच पाठवा, सोबत नाव, डीपी आयडी व क्लायंट आयडी, पॅन, मोबाइल. त्याच ईमेलमध्ये प्रश्नही लेखी द्या. बोलायची पाळी आली नाही तरी प्रश्न पोहोचल्याचा पुरावा उरतो. मतदानाची कट-ऑफ तारीख, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल तर मत देता येतं ती, वेगळी असते. नवा शेअर घेणार असाल तर त्या तारखेच्या बऱ्यापैकी आधी घ्या.

पूर्वी बिर्ला मातुश्रीसारख्या सभागृहात सभा व्हायच्या, हातात फराळाचा पुडा असायचा आणि माइकसाठी रांग. आता बहुतेक सभा व्हिडिओवर होतात. ‘पुढचे स्पीकर भागधारक, कृपया अनम्यूट करा’ अशी घोषणा होते. तुमच्या आधीचे काका चेअरमनसाहेबांना दीर्घायुष्य चिंततात, सेक्रेटरी विभागातल्या मुलींचं नाव घेऊन कौतुक करतात, बोनस शेअर कधी ते विचारतात आणि पुढच्या वर्षी सभा प्रत्यक्ष घ्या अशी विनंती करून पाच मिनिटं संपवतात. त्यांना हसू नका. वर्षानुवर्षं सभा जिवंत ठेवणारी ही मंडळी आहेत. पण तुम्हाला वेळ मिळेल दोन-तीन मिनिटं, म्हणून प्रास्ताविक टाळा. मी साधारण असं विचारतो:

‘अध्यक्ष महोदय, अहवालाच्या पान अमुकवर कंपनी २३ संघटनांची सभासद असल्याचं लिहिलं आहे, नावं दहांची आहेत. माझे तीन प्रश्न आहेत. उरलेली नावं संकेतस्थळावर टाकाल का? अमुक तारखेच्या मसुद्यावर कंपनीने थेट किंवा संघटनेमार्फत हरकती पाठवल्या का, आणि पाठवण्यापूर्वी संचालक मंडळाच्या कोणत्या समितीने त्या पाहिल्या? संघटनेची भूमिका आपल्या जाहीर उद्दिष्टाच्या विरोधात गेली तर काय करायचं, याची लेखी पद्धत आहे का?’

यात आरोप नाही, विशेषणं नाहीत, पान क्रमांक आहे. बहुधा उत्तर येईल की ‘आम्ही जबाबदार कॉर्पोरेट नागरिक आहोत’. काही वेळा ‘सेक्रेटरी विभाग आपल्याशी संपर्क साधेल’ असं म्हणून पुढचा स्पीकर पुकारला जातो. दुसऱ्या दिवशी कंपनी सेक्रेटरीला नम्र ईमेल करा, प्रश्न परत चिकटवा, सभेची तारीख लिहा. एका कंपनीकडून मला तीन स्मरणपत्रांनंतर दोन ओळींचं गुळमुळीत उत्तर आलं, पण त्यात ‘जोखीम व्यवस्थापन समिती’ असा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे देखरेख कुणाची ते नोंदीवर आलं, आणि पुढच्या वर्षीचा प्रश्न त्या समितीच्या अध्यक्षाला विचारता आला.

८. शेअर नाही, फक्त एसआयपी आहे?

मग प्रश्न फंड हाउसला विचारा. सेबीच्या नियमांमुळे म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवर मत द्यावंच लागतं आणि कसं दिलं ते कारणासह जाहीर करावं लागतं. त्यांच्यासाठी जुलै २०२० पासून स्टुअर्डशिप संहिताही, म्हणजे गुंतवलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवायची आणि त्यांच्याशी बोलायची नियमावलीही, लागू आहे. ‘या कंपनीशी हवामान धोरणावरच्या लॉबिंगबद्दल तुम्ही कधी बोललात का?’ एवढं एकच वाक्य गुंतवणूकदार सेवा विभागाला पाठवा. तुमच्या एका शेअरला कंपनी जेवढी दाद देणार नाही, तेवढी दोन टक्के भांडवल धरून बसलेल्या फंडाच्या फोनला देते.

नेहमीचे सापळे

राजकीय देणगी आणि लॉबिंग यांची सरमिसळ करू नका. देणगीचा तपशील कंपनी कायद्याच्या कलम १८२ खाली नफा-तोटा पत्रकात दाखवायचा असतो, तो तिथे पाहा. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केले, तो विषय स्वतंत्रपणे मोठा आहे. तो याच प्रश्नात घुसवलात तर अध्यक्ष तेवढंच पकडून उत्तर देतील.

सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर धाव घेऊ नका. ते गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी आहे. कंपनीची धोरणात्मक भूमिका पटत नाही ही तिथली तक्रार होत नाही.

लंडनची इन्फ्लुएन्समॅप ही संस्था कंपन्यांना आणि संघटनांना हवामान धोरणावरच्या वागणुकीसाठी ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणी देते, काही भारतीय नावंही तिथे आहेत. श्रेणी वाचा, पण सभेत नुसती श्रेणी सांगू नका. ‘ती त्यांची पद्धत आहे’ म्हणून उडवून लावणं सोपं असतं. त्या पानाखालचा मूळ पुरावा उघडा आणि तो वापरा.

आणि शीट सांभाळा. सभेचं ध्वनिचित्रमुद्रण किंवा शब्दांकन कंपनीच्या संकेतस्थळावर येतं, ते लगेच उतरवून घ्या, कारण संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुन्या लिंक मरतात. उत्तरातलं नेमकं वाक्य, मिनिट आणि तारीख शीटमध्ये टाका. मार्चअखेर डीमॅटमधला ईमेल पत्ता चालू आहे ना ते तपासा, एप्रिल-मेमध्ये तिमाही शब्दांकन वाचा, जूनपासून सूचनेवर लक्ष ठेवा. दुसऱ्या वर्षीचा प्रश्न पहिल्या वर्षीच्या उत्तरापासून सुरू करा: ‘गेल्या सभेत आपण म्हणाला होतात की…’ इथून.